सयाजीराव महाराज आणि काचेमागचे पक्षी

बडोद्यात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आई-वडिलांचे बोट धरून कमाटीबागेतले म्युझियम पाहिले आहे. ममी आणि देवमाशाचा सांगाडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर मात्र आपण घटकाभर थांबतो आणि पुढे जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र ठाऊक असेल, तर त्या कपाटांपुढे थोडे अधिक थांबावेसे वाटेल.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी काशीराव गायकवाड यांच्या घरी झाला. मूळ नाव गोपाळराव. घर शेतकऱ्याचे होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख नव्हती. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले. मग एलियटसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा चार भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

निरक्षर माणसाला जग किती वाचायचे राहून जाते, हे या राजाला कोणी सांगावे लागले नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८९० मध्ये कलाभवन निघाले, १९१० नंतर गावोगावी ग्रंथालये पोहोचली. सयाजी साहित्यमालेतून मराठीत व गुजरातीत ज्ञानाची पुस्तके निघू लागली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

या सर्व कामांत संग्रहालय आधीचे आहे. त्याची स्थापना १८८७ ची, इमारत पूर्ण झाली १८९४ मध्ये. त्यापुढच्याच वर्षी ब्लेक नावाचे इंग्रज भूशास्त्रज्ञ संग्रहालयाच्या कामासाठी बडोद्यास आले. शेजारची चित्रशाळा १९१४ मध्ये बांधून झाली, पण महायुद्धामुळे युरोपातील चित्रे अडकली आणि ती १९२१ मध्ये खुली झाली.

संग्रहालय निघाले तेव्हा प्रजेतील फार थोड्यांना वाचता येत होते. पुस्तक अशा माणसाला मुके असते. पण काचेमागचा पक्षी त्याच्याशीही बोलतो. चोच वाकडी का, पाय लांब का, पंख केवढे, हे नुसते बघून कळते. रानात क्षणात उडून जाणारे पाखरू इथे हवा तितका वेळ समोर बसते. म्हणूनच राजाच्या संग्रहात सोने-चांदी आणि चित्रांच्या बरोबरीने पशुपक्ष्यांनाही जागा मिळाली, हे महत्त्वाचे.

असा पक्षी तयार करणे हे नाजूक काम आहे. आतले मांस व आतडी काढून पिसांसकट कातडी सोलतात. कवटी, पंख आणि पाय यांची हाडे बहुधा तशीच ठेवतात. आत तारेचा आधार, कापूस किंवा ताग भरून शरीराचा आकार देतात, डोळे काचेचे बसवतात. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी कातडीला आतून सोमलयुक्त साबण लावण्याची पद्धत होती. त्यामुळे जुन्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवत नाहीत.

एवढे करूनही धोका टळत नाही. कसर लागली की पिसे झडतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशी धरते. सतत उजेड पडला तर रंग विटतात. म्हणून कपाट घट्ट बंद, उजेड बेताचा आणि तपासणी नियमित, असा नेम पाळावा लागतो. पक्षी कुठे, केव्हा मिळाला याची चिठ्ठीही तितकीच जपावी लागते. ती हरवली तर अभ्यासकाच्या दृष्टीने पक्ष्याची निम्मी किंमत जाते.

ही जपणूक वाया जात नाही. अमेरिकेत संशोधकांनी संग्रहालयांतील जुन्या पक्ष्यांच्या पिसांवरची काजळी मोजली आणि शंभराहून अधिक वर्षांत हवेतला धूर कसा वाढला नि घटला, हे शोधून काढले. ते पक्षी जपणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नवा पक्षी मारून कपाटात बसवणे शक्य नाही, आणि ते योग्यही नाही. जुना खराब झाला की त्याची जागा सहजी भरत नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांनी देह ठेवला. त्यांच्या पश्चात, १९४४ मध्ये, महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा संग्रहालयात आला. म्हणजे राजा गेला तरी त्याने उघडलेले दार उघडे राहिले. संस्था काढणे एका माणसाला जमते. ती टिकवायला मात्र पिढ्या लागतात. महाराजांचे पुतळे आपण हार घालून जपतो. त्यांनी प्रजेच्या डोळ्यांसाठी मांडून ठेवलेले हे पक्षीही त्यांचेच स्मारक आहे. पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन जाल, तेव्हा त्या कपाटापुढे जरा थांबा. काचेला हात न लावता त्यांना नीट बघू द्या, आणि बारा वर्षांपर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या कवळाण्याच्या मुलाची गोष्टही सांगा.