ज्योतिर्गणित मांडणारे विनोदी लेखक : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

'सुदाम्याचे पोहे'वाले कोल्हटकर तुम्हाला ठाऊकच आहेत. पण त्यांनी 1913 साली 'भारतीय ज्योतिर्गणित' हे पुस्तक लिहिलं, हे सांगून बघा, पटकन कुणाला खरं वाटत नाही. जन्म नागपूरचा, 1871 चा. शाळा बुलढाण्यात आणि अकोल्यात. पुढे खामगाव, जळगाव जामोद इथं वकिली. म्हणजे पोट वकिलीवर आणि आकाश हौसेखातर!

वकिलाला हे कशाला, म्हणाल. तेव्हा पंचांगशुद्धीचा वाद पेटलेला होता. मुलांना एवढंच विचारा: सूर्य 22 डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो, मग मकरसंक्रांत 14 जानेवारीला का? कारण आपलं पंचांग वर्ष मोजतं ताऱ्यांवरून, आणि ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं. साधारण 72 वर्षांत एक दिवस सरकतो. सुमारे 1700 वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत.

सुदामा आणि बंडूनानांकरवी भाबड्या रूढींची टर उडवणारा माणूस ग्रहांचं गणितही मांडत बसला, यात मला तरी विसंगती दिसत नाही. भविष्य वेगळं, गणित वेगळं. 1934 साली ते गेले. पाठ्यपुस्तकात त्यांचा विनोद येतो, महाराष्ट्रगीत येतं. ज्योतिर्गणिताचं नाव मात्र क्वचितच निघतं. वऱ्हाडातल्या शाळांतसुद्धा.