समजून घ्या : टायर विकणाऱ्या इंजिनीअरनं युरोपची रोड ट्रिप कशी सोपी केली?

युरोपात गाडी भाड्याने घेऊन तीन-चार देश फिरायचा प्लॅन आहे? मग मोबाइलवर आधी चार गोष्टी शोधल्या जातात. रस्ता कोणता, पेट्रोल कुठे, गाडी बिघडली तर मेकॅनिक कुठे आणि रात्री मुक्काम कुठे? याच चार प्रश्नांची उत्तरं १९०० साली एका छोट्या लाल पुस्तकात छापून फुकट वाटली गेली. त्यामागचं डोकं होतं आंद्रे मिशेलिन यांचं. आज हे नाव रेस्टॉरंटच्या 'स्टार'मुळे जास्त माहीत आहे. पण त्यांचं मोठं काम रस्त्यावरचं आहे.

कोण होते आंद्रे मिशेलिन?

जन्म १८५३, पॅरिस. शिक्षण इंजिनीअरिंगचं. पॅरिसमध्ये लोखंडी बांधकामाचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. आईच्या वडिलांचा क्लेर्मों-फेराँ या गावातला रबर आणि शेती अवजारांचा कारखाना मात्र डबघाईला आला होता. तो सावरायला आंद्रे यांनी धाकटा भाऊ एदुआर याला बोलावलं. एदुआर चित्रकला शिकत होता. १८८९ मध्ये 'मिशेलिन' कंपनी उभी राहिली. एदुआरनं कारखाना सांभाळला, तर आंद्रे यांनी पॅरिसमधून प्रचाराची बाजू.

सुरुवात पंक्चरपासून

तेव्हा हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायला काही तास लागत, वर गोंद वाळण्याची वाट पाहायची. मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सायकलचा काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँ या सायकलपटूनं हे टायर लावून सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली.

मग मोटारीची पाळी आली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत दोघं भाऊ हवेचे टायर लावलेली गाडी घेऊन स्वतः उतरले. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाले, बक्षीसही मिळालं नाही. पण गाडी शेवटपर्यंत पोहोचली आणि हवेच्या टायरवर मोटार लांबचं अंतर कापू शकते, हे लोकांना दिसलं.

टायर कंपनीनं पुस्तक का काढलं?

हिशोब साधा होता. गाडी धावली तर टायर झिजणार, झिजला तर नवा विकला जाणार. पण १९०० मध्ये अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी जेमतेम काही हजार होत्या. पेट्रोल पंप नव्हते. इंधन किराणा किंवा औषधांच्या दुकानात डब्यातून मिळायचं. अनोळखी गावात गाडी बंद पडली, तर विचारायचं कुणाला?

म्हणून आंद्रे यांनी गाइड काढलं. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३५,००० प्रती छापल्या. टायर कसा बदलायचा, इंधन, मेकॅनिक, हॉटेल, डॉक्टर कुठे, असं सगळं गावागणिक दिलेलं. १९०४ मध्ये बेल्जियमचं गाइड आलं. पुढच्या काही वर्षांत जर्मनी, स्पेन आणि ब्रिटनचीही गाइड आली. आता सीमा ओलांडतानाही हाताशी माहिती होती.

गूगल मॅप्सच्या आधीचं रूट प्लॅनिंग

१९०८ मध्ये कंपनीनं पॅरिसमध्ये खास कार्यालय सुरू केलं. कुठून कुठे जायचं ते पत्रानं कळवा, आम्ही मार्ग आखून पाठवतो, तेही मोफत! १९१० पासून फ्रान्सचे घडीचे रस्ता-नकाशे निघू लागले. प्रमाण १:२,००,०००, म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर बरोबर रस्त्यावरचे २ किलोमीटर.

पण एक अडचण उरलीच. नकाशात रस्त्याला नंबर आहे, पण प्रत्यक्ष रस्त्यावर तो लिहिलेलाच नाही, तर उपयोग काय? आंद्रे यांनी १९१२ मध्ये रस्त्यांवर नंबर लावण्यासाठी सह्यांची मोहीम चालवली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फालिएर यांनीही सही केली. सरकारनं मागणी मान्य केली.

स्टार कधी आले?

१९२० पासून गाइड विकत मिळू लागलं आणि १९२६ मध्ये चांगल्या जेवणासाठी स्टार सुरू झाले. आज प्रसिद्ध असलेल्या तीन स्टारची पद्धत घडत असतानाच, एप्रिल १९३१ मध्ये आंद्रे यांचं निधन झालं.

युद्धात कामी आलेलं पुस्तक

आंद्रे यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी, १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरणार होतं. फ्रान्समधल्या रस्त्यांच्या पाट्या जागेवर असतील याची खात्री नव्हती. म्हणून १९३९ च्या मिशेलिन गाइडची आवृत्ती अमेरिकेत सैन्यासाठी पुन्हा छापली गेली. त्यातले शहरांचे नकाशे सैनिकांना हवे होते. सहलीसाठी काढलेलं पुस्तक रणगाड्यांना वाट दाखवू लागलं.

तुमच्या ट्रिपसाठी यात काय?

युरोपात हिरव्या पाटीवर 'ई' अक्षर आणि नंबर दिसतो. हे आंतरराष्ट्रीय मार्ग असून त्यांचा सध्याचा करार १९७५ चा, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारातून झालेला आहे. देश बदलला, भाषा बदलली तरी हा नंबर बदलत नाही. त्यामुळे प्लॅन करताना गावांच्या नावांबरोबर रस्त्यांचे नंबरही कागदावर लिहून ठेवा. डोंगरात नेटवर्क गेलं, तर पाटीवरचा नंबर वाचायला इंटरनेट लागत नाही.