बाबूराव पटेल : परखडपणा आणि न्याय्य समीक्षा

भारतात चित्रपटसमीक्षेला स्वतंत्र व्यवसायाचे रूप देणाऱ्यांमध्ये बाबूराव पटेल यांचे नाव अग्रभागी येते. प्रस्तुत घटकात त्यांच्या चरित्राचा परिचय करून द्यावयाचा आहे. समीक्षा परखड असली म्हणजे ती न्याय्यही असते काय, हा प्रश्न या चरित्रातून उभा राहतो.

बाबूरावांचा जन्म ४ एप्रिल १९०४ रोजी झाला. पालघर परिसरातील मासवण हे त्यांचे गाव. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. इंग्रजीवरील प्रभुत्व त्यांनी स्वप्रयत्नाने मिळवले. तरुण वयातच ते चित्रपटविषयक पत्रकारितेत आले. १९२९ मध्ये त्यांनी 'किस्मत' हा मूकपट दिग्दर्शित केला आणि १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यातील परीक्षणे आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली खोचक उत्तरे यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. निर्माते व नटनट्या त्यांच्या लेखणीला वचकून असत.

या लेखणीचे सामर्थ्य विशेषत्वाने दिसले ते 'द ड्रम' (१९३८) आणि 'गंगा दीन' (१९३९) या चित्रपटांच्या वेळी. भारतीयांचे विकृत चित्रण करणाऱ्या अशा परदेशी चित्रपटांविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली. येथे आक्षेपाचा विषय पडद्यावर होता, त्यामुळे वाचकाला तो स्वतः तपासून पाहता येत होता. समीक्षा प्रेक्षकाला उपयोगी पडते ती अशा वेळी.

त्यांची सर्वच परीक्षणे या कसोटीला उतरत नाहीत. अनेकदा त्यांचा रोख कलाकृतीवरून कलावंताच्या रूपाकडे, शरीराकडे व खासगी आयुष्याकडे वळे. अशा मजकुराने वाचकाची करमणूक होई. परंतु पटकथा कोठे सैल पडली, ध्वनी वा छायालेखन कसे आहे, हे त्याला कळत नसे. उपहास हा दोषाचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. १९४४ मध्ये बाबूरावांनी 'द्रौपदी' आणि १९४६ मध्ये 'ग्वालन' हे चित्रपट दिग्दर्शित केले. दोहोंत त्यांच्या पत्नी, गायिका सुशीलाराणी पटेल, प्रमुख भूमिकेत होत्या. इतरांचे चित्रपट तोलणारा स्वतःच त्या बाजारात उतरला, की त्याचा निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी वाचकाच्या मनात शंका येणारच. समीक्षकाने चित्रपट करू नये, असा याचा अर्थ नव्हे. आपले नाते त्याने उघड सांगावे आणि आपल्या मताची कारणे द्यावीत, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरा प्रश्न वाचकवर्गाचा. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या फैजपुरात भरले. राजकारण खेड्याच्या दारी आले. 'फिल्मइंडिया' मात्र इंग्रजी जाणणाऱ्यांपुरताच राहिला. फिरत्या तंबूत चित्रपट पाहणाऱ्या खानदेशातील शेतकऱ्यालाही कष्टाचे पैसे कशावर खर्च करावेत, हे जाणून घेण्याचा तितकाच अधिकार होता. समीक्षेची उपयुक्तता ठरवताना ती कोणाच्या भाषेत लिहिली आहे, हेही पाहावे लागते.

उत्तरायुष्यात बाबूराव राजकीय लेखनाकडे वळले. 'मदर इंडिया' हे मासिक त्यांनी चालवले आणि १९६७ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

निर्भयता हा समीक्षकाचा आवश्यक गुण आहे आणि तो बाबूरावांपाशी विपुल होता. परंतु निर्भयतेला कारणांची, संयमाची आणि पारदर्शकतेची जोड मिळाली, तरच प्रेक्षक त्या मतावर विसंबू शकतो व प्रसंगी त्याच्याशी मतभेदही व्यक्त करू शकतो.

स्वाध्याय : अलीकडे वाचलेले एखादे चित्रपट-परीक्षण निवडा. त्यातील कोणती विधाने कलाकृतीविषयी व कोणती व्यक्तीविषयी आहेत, ते सकारण स्पष्ट करा.