लुई ब्रेल

शहापूर-मुरबाडकडील आमच्या खेड्यांत कोणा कर्त्या माणसाची दृष्टी गेली, म्हणजे त्याचे काम सरले असे समजून आम्ही त्यास ओटीवर बसवून ठेवतो. ह्यास्तव लुई ब्रेल ह्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

फ्रान्स देशातील कूव्रे गावी १८०९ साली तो जन्मला. बाप खोगिरे करी. तीन वर्षांचा असता बापाच्या आरीने त्याचा एक डोळा फुटला. मागाहून दुसराही गेला. तरी आईबापांनी त्यास गावच्या शाळेत घातले, व १८१९ साली पॅरिस येथील अंधशाळेत पाठविले. तेथे शार्ल बार्बिए ह्याची बारा ठिपक्यांची लिपी त्यास कळली. परंतु तिचे अक्षर एका बोटाखाली मावेना. तेव्हा पंधराव्या वर्षी त्याने सहाच ठिपक्यांत सर्व अक्षरे बसविली. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला, व चर्चमध्ये ऑर्गनही वाजवी. १८५२ साली तो क्षयाने वारला. शाळेने त्याची लिपी स्वीकारली ती १८५४ साली.

त्याच सहा ठिपक्यांवर १९५१ साली भारती ब्रेल ठरली, व मराठी वाचणे अंधांस सुलभ झाले. तरी वाचकहो, मोठेपणी दृष्टी गेलेल्या आपल्या माणसासही ही लिपी शिकवावी, व त्याच्या हातांस काम द्यावे.