डावीकडेच वळणारी गाडी

रिमोटवर चालणारी रेसिंग कार, पण वळते फक्त डावीकडे. अशी गाडी दुकानदारानं समोर ठेवली तर आपण काय म्हणू? दादा, पीस खराब आहे, बदलून द्या! पण १९७२ मध्ये जपानच्या निंटेंडो कंपनीनं अशीच गाडी विकायला आणली होती. नाव होतं ‘लेफ्टी आरएक्स’. ती बिघडलेली नव्हती, मुद्दामच तशी बनवली होती.

त्या काळी रेडिओ कंट्रोलची गाडी म्हणजे पैसेवाल्यांच्या घरचं खेळणं. गाडी स्वस्त असायची, महाग असायचा तो तिला हुकूम देणारा रेडिओ. जितके हुकूम जास्त, तितकं सर्किट गुंतागुंतीचं आणि तितकी किंमत वर. ही गाडी बनवणाऱ्या माणसानं साधा हिशोब केला. रेस लागते गोल ट्रॅकवर आणि गोल ट्रॅकवर गाडी एकाच बाजूला वळत राहते. मग उजवं वळण हवंय कशाला? बटण दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. एवढ्या एका हुकमावर रेस लावता येते. किंमत खाली आली आणि ज्या पोरांना अशी गाडी फक्त काचेपलीकडून बघायला मिळायची, त्यांच्या हातात ती आली.

त्या माणसाचं नाव गुनपेई योकोई. पुढे ‘गेम बॉय’ बनवणारा म्हणून जग त्यांना ओळखू लागलं. आज आपण हातातल्या स्क्रीनवर सुसाट गाड्या पळवतो, तेव्हा अंगठ्याखाली जे असतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे त्यांनी आयुष्यभर वेगवान मशीन बनवायचं टाळलं. रेसची मजा चिपच्या वेगात नसते, यावर त्यांचा विश्वास होता. त्यासाठी काय सोडून द्यायचं, हे मात्र त्यांना अचूक कळायचं.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटोचा. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इंजिनीअरिंग केलं. पण कॉलेजात टॉपर वगैरे अजिबात नव्हते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या कंपन्यांनी त्यांना उभं केलं नाही. शेवटी १९६५ मध्ये गावातल्याच निंटेंडोत नोकरी लागली. तेव्हाची निंटेंडो म्हणजे १८८९ पासून ‘हानाफुदा’ नावाचे जपानी पत्ते छापणारी कंपनी. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या मशीन्सची देखभाल. मशीन बंद पडलं तर धावायचं, नाहीतर बसून राहायचं.

बसून राहणं त्यांना जमेना. रिकाम्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्या जोडून, कात्रीसारखा उघडमीट करून लांबचं काही पकडता येईल असा एक हात बनवला. कंपनीचे मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि योकोईंना बोलावणं आलं. आता ओरडा बसणार असं त्यांना वाटलं होतं. पण मालकांनी त्याचंच खेळणं करायला सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मेंटेनन्सवाला एका रात्रीत खेळण्यांचा डिझायनर झाला. पुढची काही वर्षं ते एकामागून एक अशी खेळणी काढत राहिले. ‘लेफ्टी’ त्यातलीच एक.

गाडीत सुचवलेली आयडिया

हातात मावणाऱ्या गेमची कल्पना त्यांना रेल्वेत सुचली. बुलेट ट्रेनमधून जाताना एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत वेळ काढताना त्यांना दिसला. योकोईंच्या डोक्यात आलं, मोठ्या माणसालाही चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असं काहीतरी हवं. खिशात मावणारं, दोन अंगठ्यांनी चालणारं, कोणाच्या लक्षातही न येणारं.

ही कल्पना मालकांपर्यंत पोहोचली तीही एका गाडीमुळेच. यामाउचींचा ड्रायव्हर आजारी होता. मालकांची गाडी परदेशी, स्टीअरिंग डावीकडे. जपानमध्ये आपल्यासारखंच उजव्या बाजूच्या स्टीअरिंगची सवय, त्यामुळे ती चालवणार कोण? योकोईंना अशी गाडी चालवायची सवय होती, म्हणून त्यांना धाडलं गेलं. ओसाकाच्या वाटेवर गप्पांच्या ओघात त्यांनी कॅल्क्युलेटरएवढ्या गेमबद्दल सांगून टाकलं. मालक ऐकून गप्प. पण त्या दिवशीच्या बैठकीत यामाउचींच्या शेजारी बसले होते शार्प कंपनीचे प्रमुख, म्हणजे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एकीचे. पुढे थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निंटेंडोच्या दारात हजर झाली.

२८ एप्रिल १९८० ला पहिला ‘गेम अँड वॉच’ आला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या आपसांतल्या चढाओढीत चिप आणि एलसीडी स्क्रीन कमालीचे स्वस्त झाले होते. सगळे नव्याच्या मागे धावत असताना योकोईंनी हे जुनं, स्वस्त, सवयीचं सामान उचललं आणि वेगळ्याच कामाला लावलं. हीच त्यांची कायमची पद्धत. या स्क्रीनवर काहीही सरकत नाही. प्रत्येक चित्राच्या प्रत्येक जागेचा ठसा काचेत आधीच बसवलेला असतो. एक ठसा विझतो, शेजारचा उमटतो आणि आपल्याला वाटतं की वस्तू हलली.

ओळखीचं वाटतंय ना? जत्रेत, एसटी स्टँडवरच्या दुकानात मिळणारा ‘९९९९ इन १’ वाला ब्रिक गेम आठवा. त्यात चौकोनी ठिपक्यांची एक कार असते, समोरून तशाच कार येत असतात आणि दोन्ही कडांच्या रेघा खाली पळत असतात. स्पीड वाढला की अंगठा दुखेपर्यंत डावी-उजवी. ते खेळणं योकोईंचं नव्हे, निंटेंडोचंही नव्हे. पण तिथली कारही धावत नाही. चौकोन विझतात आणि उमटतात, बाकीची रेस आपलं डोकं लावतं.

‘गेम अँड वॉच’चे सगळे प्रकार मिळून जगभर ४ कोटी ३४ लाख नग खपले. त्यातल्याच १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योकोईंनी अधिक चिन्हासारखं एक बटण बनवलं. एकच तुकडा, चार दिशा, खाली न बघता अंगठ्याला नुसत्या स्पर्शानं कळणारा. रेसमध्ये नजर रस्त्यावरून हलवून चालत नाही, म्हणून हे बटण रेसिंग गेम्सना जणू मापानं शिवल्यासारखं बसलं. आजच्या बहुतेक कंट्रोलर्सवर डाव्या हाताला ते आहेच.

१९९०: दोन पोर्टेबल्सची शर्यत

२१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय आला. योकोई विभागप्रमुख होते, इंजिनीअरिंगची धुरा सातोरू ओकादा यांच्याकडे होती. दोघांचं सगळंच जमायचं असं नाही. योकोईंच्या मनात स्वस्त, साधं खेळणं होतं. ओकादांना गेम बदलता येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं मशीन हवं होतं. ओकादांचा आग्रह मान्य झाला, पण रंगीत स्क्रीन काही आला नाही. १६० बाय १४४ ठिपके, हिरवट पार्श्वभूमी, चार छटा, मागे दिवा नाही. किंमत १२,५०० येन.

वेगवान रेसिंगच्या दृष्टीनं हा स्क्रीन म्हणजे मोठीच अडचण होती. त्या एलसीडीमधले स्फटिक हळू फिरतात, त्यामुळे चित्र बदललं तरी आधीची सावली क्षणभर तशीच राहते. भरधाव काहीही दाखवा, मागे शेपटी उमटते. अशा मशीनवर फॉर्म्युला वन?

पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. १९९० च्या शरद ऋतूत जपानमध्ये एफ-वनचं अक्षरशः वेड होतं. आयर्टन सेनाच्या मॅक्लारेनमध्ये होंडाचं इंजिन होतं. ऑक्टोबरमध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर पहिल्याच वळणाला सेना आणि अलेन प्रोस्ट एकमेकांवर आदळले आणि सेना वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याच रेसमध्ये आगुरी सुझुकी तिसरा आला. एफ-वनच्या पोडियमवर पहिल्यांदा जपानी ड्रायव्हर उभा होता. नेमक्या त्याच महिन्यात सेगानं ‘गेम गिअर’ आणला. रंगीत, दिवा असलेला स्क्रीन आणि सोबत ‘सुपर मोनॅको जीपी’ नावाचा रेसिंग गेम. दिसायला गेम बॉयपेक्षा कितीतरी भारी. पण त्याला लागायचे सहा पेन्सिल सेल आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे.

पुढच्या महिन्यात निंटेंडोचं उत्तर आलं, ‘एफ-१ रेस’. अशा गेम्समध्ये तुमची गाडी जवळपास जागेवरच असते, खालच्या बाजूला मधोमध. हलतो तो रस्ता. स्क्रीनवरची प्रत्येक आडवी ओळ वरच्या ओळीपेक्षा किंचित सरकवून काढली की रस्ता वळल्यासारखा दिसतो. म्हणजे धूसर स्क्रीनवरही नजर जिथे रोखलेली, ती गाडी स्थिर आणि स्पष्ट राहते. आणि खरा हुकमाचा पत्ता गेममध्ये नव्हताच, तो सोबत आलेल्या अडॅप्टरमध्ये होता. चार गेम बॉय वायरनं जोडायचे आणि चार दोस्तांनी एकाच ट्रॅकवर उतरायचं. शेजारी बसलेला मित्र ओव्हरटेक करून वर दात काढतो, तेव्हा रस्ता हिरवा आहे की काळा याची फिकीर कोणाला असते? लेफ्टीवाली युक्तीच इथे पुन्हा आली होती. उजवं वळण काढून टाकलं तसा रंग काढून टाकला, पण स्पर्धा ठेवली. चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास खेळता यायचं, ते वेगळंच.

निकाल काय लागला? गेम गिअर एक कोटीच्या घरात थांबला. गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या पुढे गेले.

लाल स्क्रीन आणि शेवटची वळणं

योकोई नेहमी जिंकले असं नाही. १९९५ मध्ये त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. डोळे लावून बघायचं, आत त्रिमितीय दृश्य, पण सगळं लाल आणि काळं. स्टँडवर ठेवून वाकून खेळायचं. लोकांचे डोळे आणि डोकी दुखू लागली. जेमतेम पावणेआठ लाख नग विकले गेले आणि वर्षाच्या आत मशीन बंद झालं. त्यासाठी बनत असलेला ‘झिरो रेसर्स’ हा बोगद्यांतून भरधाव जाणारा रेसिंग गेम तेव्हा दुकानात पोहोचलाच नाही. स्वस्त दिव्यांतून काम काढायची नेहमीची युक्ती इथेही होती, पण इथे त्यांनी भलतीच गोष्ट सोडली होती. डोळ्यांवर यंत्र लावलेल्या माणसाला शेजारी बसलेला मित्रच दिसत नव्हता.

१९९६ च्या जुलैमध्ये ‘गेम बॉय पॉकेट’ आला. छोटा, दोन बारीक सेलवर चालणारा आणि सावली बरीच कमी सोडणारा स्क्रीन असलेला. रेसिंग गेम्स आता जास्त स्वच्छ दिसायला लागले. महिनाभरातच, ऑगस्टमध्ये, योकोईंनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे गेले अशी चर्चा झाली. त्यांनी ती नाकारली, पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं हे आधीच ठरलं होतं असं सांगितलं. क्योटोतच त्यांनी ‘कोटो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हँडहेल्डवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातल्या एक्स्प्रेसवेवर ते ज्या गाडीतून जात होते ती पुढच्या ट्रकला धडकली. धक्का किरकोळ होता. काय झालंय ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. वय अवघं ५६.

त्यांचं शेवटचं मशीन ‘वंडरस्वान’ मार्च १९९९ मध्ये आलं. पुन्हा कृष्णधवल, किंमत ४,८०० येन, चालायचं एका पेन्सिल सेलवर. सोबत एक कोडं-गेम होता आणि त्याचं नाव ‘गुनपेई’.

दोन वर्षांनी निंटेंडोनं ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ काढला तेव्हा पहिल्याच दिवशीच्या गेम्समध्ये ‘एफ-झीरो’ होता, डोळ्यांचं पातं लवायच्या आत वळण घ्यायला लावणारा. चिप कितीतरी दमदार झाली होती, स्क्रीन रंगीत होता. पण मागे दिवा अजूनही नव्हता आणि सेल लागायचे फक्त दोन. एक कार्ट्रिज आणि वायरी असल्या की चौघांना रेस लावता यायची. वायर डाव्या बाजूच्या मित्राकडून यायची की उजव्या, एवढाच काय तो वाद असायचा.