मेरी रिचमंडबाई : दयेला विद्येची जोड

अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतात बेलव्हिल नावाचे गाव आहे. तेथे ५ ऑगस्ट १८६१ रोजी मेरी एलन रिचमंड ह्यांचा जन्म झाला. त्या लहान असतानाच त्यांची आई क्षयाने वारली, व बॉल्टिमोर शहरी आजीने त्यांस वाढविले. घरची स्थिती हलाखीची असल्यामुळे १८७८ साली हायस्कुलाचा अभ्यास संपताच त्यांस नोकरी धरावी लागली. कॉलेजची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. कारकुनी करून व हिशेब लिहून त्या आपला चरितार्थ चालवीत.

१८८९ साली बॉल्टिमोर येथील गरिबांस साहाय्य करणाऱ्या एका संस्थेत त्या साहाय्यक खजिनदार झाल्या, व दोनच वर्षांत मुख्य चिटणीस झाल्या. तेथे त्यांस एक गोष्ट स्पष्ट दिसली. देणारे हात पुष्कळ होते, परंतु विचारपूस थोडी होती. एका घरी चार ठिकाणांहून शिधा जाई, तर दुसरे घर उपाशी राही. घरधन्याचे काम का सुटले, मूल शाळेत का जात नाही, दुखणे कशाचे आहे, हे कोणी पाहत नसे. म्हणून शिधा संपताच कुटुंब पुनः पूर्वस्थितीस येई.

वैद्यास शिक्षण लागते, तसे दुःखिताच्या घरी जाणाऱ्यासही लागते, असे त्यांस वाटू लागले. १८९७ साली टोरांटो येथील परिषदेत त्यांनी अशा कामासाठी शाळा असावी अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला. त्यातूनच पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्याचे विद्यालय उदयास आले. १९१७ साली त्यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आप्त, शेजारी, शिक्षक, डॉक्टर व मालक ह्यांच्याकडून माहिती कशी मिळवावी, ती कशी ताडून पाहावी व टिपून ठेवावी, हे त्यात सांगितले आहे.

त्यांचे प्रत्येक मत काळास मान्य झाले असे नाही. गरीब विधवांस सरकारने पेन्शन द्यावे ह्यास त्यांचा विरोध होता; तरी अशी मदत पुढे रूढ झाली. परंतु माणूस जाणल्याशिवाय त्यास खरे साहाय्य होत नाही, ही त्यांची शिकवण टिकली. १९२१ साली स्मिथ कॉलेजाने त्यांस सन्मानाची एम. ए. पदवी दिली. १२ सप्टेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला.

आज अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांत हा विषय ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ ह्या नावाने शिकवितात. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो, व वर्गाबरोबर एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष कामही करावे लागते. शिकून बाहेर पडलेले लोक वृद्धांच्या सेवेत, व्यसनमुक्तीच्या कामी, अनाथ मुलांच्या व बेघरांच्या आश्रयस्थानी नोकरी करितात. कित्येक पुढे मोठी पदवीही घेतात. आपल्या मुंबईत हेच बीज १९३६ साली पडले. त्या वर्षी मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्टसाहेब ह्यांच्या पुढाकाराने व टाटा ट्रस्टाच्या पैशाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय.

वाचकहो, आपणांपैकी कित्येक जण दुःखिताच्या घरी नित्य जात असतात. रिचमंडबाईंनी देणे थांबविण्यास सांगितले नाही. देण्यापूर्वी बसून ऐकण्यास मात्र सांगितले. जिला स्वतः कॉलेज लाभले नाही, तिने इतरांसाठी विद्येचे दार उघडले, हे आपल्या मुलामुलींस अवश्य सांगावे.