श्रमाचे थोरपण : श्रीसंत गाडगे महाराज

कोणतेही काम स्वभावतः थोर वा हलके नसते. ते कोणासाठी, कोणत्या भावनेने व किती चोखपणे केले, यावरून त्याचे मोल ठरते. या कसोटीस पूर्णपणे उतरलेले चरित्र म्हणून श्रीगाडगे महाराजांचे जीवन आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली वारले; मायलेकरांस दापुरे येथे मामांचा आश्रय घ्यावा लागला. तेथे डेबूजींनी गुरे राखिली, नांगर धरिला. मुलीच्या बारशास मद्यमांसाचे जेवण देण्याची रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि ज्ञातीचा रोष पत्करला. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला.

अंगावर चिंध्या, जवळ मडक्याचे खापर व हाती खराटा. गावात शिरताच रस्ते झाडावेत, गटारे उपसावीत आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांवर प्रहार करावा, हा त्यांचा नित्यक्रम. दिवसा गावाची घाण काढावी, रात्री मनाची. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या; मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांची सोय केली. पण कोट्यवधींच्या या वास्तूंवर स्वतःची वा कुटुंबाची मालकी ठेविली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक, त्यांचे देहावसान झाले. २००० साली सुरू झालेल्या राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव मिळाले. ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांचेच नाव २००५ पासून अमरावती विद्यापीठ धारण करीत आहे.

आमच्या कित्येक घरांत महाराजांची तसबीर आहे. त्याच घरांतील मुले सोयरिकीच्या बोलण्यांत आजोबांच्या घाटाचा व भट्टीचा उल्लेख टाळतात. तसबिरीस हार आणि धुण्याच्या दगडाची लाज, ही दोन्ही एका घरात नांदणे योग्य नव्हे. मुलांनी अवश्य शिकावे, हवा तो व्यवसाय करावा. परंतु ज्या कष्टांवर आपण शिकलो, ते उघड्या तोंडाने सांगावेत. महाराज केवळ आपल्या ज्ञातीचे नव्हते, साऱ्या महाराष्ट्राचे होते. त्यांच्या नावाचा अभिमान सांगण्याचा अधिकार हाती खराटा घेणाऱ्यासच आहे, असे आम्हांस वाटते.